संगणकीय लघुभाषा

एखाद्या मर्यादित कामासाठी किंवा भाषारचनेच्या अभ्यासासाठी तयार केलेली, थोडे शब्द व थोडे नियम असलेली संगणकभाषा. अशा भाषेतील मजकूर संगणकास थेट कळत नाही. तो यंत्राच्या आज्ञांत उतरविणाऱ्या भाषांतरकास कंपायलर म्हणतात. लघुभाषा तयार करणे म्हणजे मुख्यतः तिचे नियम निश्चित करणे व तिच्यासाठी कंपायलर लिहिणे होय. पूर्वी हे काम प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे करावे लागे. २०१७ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झालेल्या ‘वेबअसेंब्ली’ या आज्ञासंचामुळे एकदाच केलेले भाषांतर साध्या मोबाइलपासून मोठ्या संगणकापर्यंत सर्वत्र चालू शकते. त्यामुळे यंत्रांच्या विविधतेचा भार भाषाकर्त्यावरून उतरला आहे. पण भाषेतील प्रत्येक चिन्हाचा अर्थ काटेकोरपणे ठरविण्याचा भार मात्र त्याच्यावरच राहिला आहे. हा दुसरा भार नीट पेलला नाही, तर कार्यक्रम बंद न पडता चुकीचे उत्तर देत राहतो. प्रस्तुत नोंदीत अशा भाषेची जडणघडण एका लहान उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

ऐतिहासिक समालोचन : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना आज्ञा यंत्राच्याच पातळीवर लिहाव्या लागत. तत्पूर्वी अमेरिकेत आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ‘फोर्ट्रान’ या भाषेचा कंपायलर पूर्ण केला होता. त्यासाठी सु. १८ मनुष्यवर्षांचे श्रम पडले, असे सांगितले जाते. त्यानंतर १९६० च्या ‘अल्गॉल ६०’ या भाषेच्या अहवालात भाषेचे व्याकरण थोडक्या व निःसंदिग्ध सूत्रांत मांडण्याची पद्धत रूढ झाली. तिला बॅकस–नाउर पद्धती म्हणतात. या सूत्रांचे पाणिनीच्या व्याकरणपद्धतीशी असलेले साम्य पाहून तिला ‘पाणिनी–बॅकस पद्धती’ म्हणावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती.

वेबअसेंब्लीमागील मूळ कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे निक्लाउस व्हिर्ट यांनी १९७० मध्ये ‘पास्कल’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिचा प्रसार करताना निरनिराळ्या यंत्रांची अडचण आली. तेव्हा पास्कलचे भाषांतर कोणत्याही खऱ्या यंत्राच्या आज्ञांत न करता एका कल्पित यंत्राच्या आज्ञांत करावे, व प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी ते कल्पित यंत्र आपल्या संगणकावर उभे करावे, असा मार्ग काढण्यात आला. या आज्ञांना ‘पी-कोड’ म्हणतात. पी-कंपायलराच्या रचनेसंबंधी झुरिकहून १९७४ मध्ये निघालेल्या अहवालाच्या लेखकांत पहिले नाव के. व्ही. नोरी या भारतीय संगणकशास्त्रज्ञाचे आहे. पुढील काळात नोरी हे पुण्यातील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात संगणकभाषांच्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले. कल्पित यंत्राचीच कल्पना १९९५ मध्ये ‘जावा’ या भाषेने जगभर पोहोचविली.

ब्राउझरमध्ये मात्र बराच काळ ‘जावास्क्रिप्ट’ ही एकच भाषा चालत असे. इतर भाषांतील कार्यक्रम तेथे चालावेत म्हणून मोझिला संस्थेने २०१३ मध्ये जावास्क्रिप्टचाच एक काटेकोर उपसंच पुढे आणला. त्याच्या अनुभवावरून मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट व ॲपल येथील अभियंत्यांनी २०१५ मध्ये वेबअसेंब्लीच्या संयुक्त कामाची घोषणा केली. २०१७ अखेर ती चारही प्रमुख ब्राउझरांत दाखल झाली व ५ डिसेंबर २०१९ रोजी तिला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत अधिक मोठी स्मृती व वापरून झालेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची सोय यांची भर पडली. २०१९ पासून ब्राउझरच्या बाहेरही वेबअसेंब्ली चालविण्यासाठी स्वतंत्र मानक विकसित होत आहे.

वेबअसेंब्लीचे स्वरूप : वेबअसेंब्ली हे एक कल्पित चवड-यंत्र आहे. ताटांची चवड रचताना शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते. त्याचप्रमाणे या यंत्रात संख्या एकीवर एक ठेवल्या जातात व प्रत्येक क्रिया वरच्या संख्या उचलून आपले उत्तर पुन्हा चवडीवर ठेवते. त्यामुळे क्रियेच्या आज्ञेत ‘कोणत्या संख्या घ्यावयाच्या’ हे सांगावे लागत नाही. प्रथम संख्या व मागाहून क्रिया, हा क्रम मराठी भाषकास परका नाही. ‘वजनाला भावाने गुण, शंभराने भाग, त्यातून हमाली वजा कर’ या बोलण्यातील हिशेबातही क्रियापद शेवटीच येते.

मूळ आवृत्तीत चारच प्रकारची मूल्ये आहेत : ३२ व ६४ बिटांचे पूर्णांक आणि ३२ व ६४ बिटांचे दशांशयुक्त अंक. स्मृती ही बाइटांची एक सलग पट्टी असून ती ६५,५३६ बाइटांच्या ‘पानां’नी वाढते. कार्यक्रमास या पट्टीबाहेर हात घालता येत नाही. पडद्यावर लिहिणे, फाइल वाचणे इ. गोष्टी त्याला स्वतः करता येत नाहीत. ज्या बाहेरून आयात म्हणून दिल्या असतील, तेवढ्याच त्याला वापरता येतात. चालविण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाची तपासणी होते. चवडीवर पुरेशी व योग्य प्रकारची मूल्ये नसताना एखादी क्रिया सांगितली असेल, तर असा कार्यक्रम सुरूच होत नाही. अनोळखी कार्यक्रमही ब्राउझर चालवू शकतो तो या बंदोबस्तामुळे. मात्र ही तपासणी आज्ञा सुसंगत आहेत की नाहीत एवढेच पाहते. हिशेब बरोबर आहे की नाही, हे ती पाहू शकत नाही.

उदाहरण : लातूर जिल्ह्यातील निलंगा, औसा, उदगीर इ. तालुक्यांत तूर व सोयाबीन ही महत्त्वाची पिके आहेत. बाजारात माल विकल्यावर शेतकऱ्यास हिशेबाचा जो कागद मिळतो त्यास ‘पट्टी’ म्हणतात. वजन किलोग्रॅममध्ये, भाव क्विंटलला, आणि शेवटी हमालीची वजावट, असा तिचा साधा नमुना धरला, तर लघुभाषेत तो असा लिहिता येईल :

कार्य रक्कम(वजन, भाव, हमाली) = वजन × भाव ÷ १०० − हमाली

पैशांचा हिशेब पूर्णांकांत ठेवण्यासाठी भाव व हमाली पैशांत घेतली आहे. दशांशयुक्त अंक यंत्रात द्विमान पद्धतीने साठविले जात असल्याने ०·१ सारखी साधी संख्याही त्यांत अचूक मावत नाही. म्हणून पैशांच्या हिशेबात त्यांचा वापर टाळणे इष्ट असते. उदाहरणादाखल वजन १,२५० किग्रॅ., भाव क्विंटलला ७,००० रुपये (७,००,००० पैसे) व हमाली १८० रुपये (१८,००० पैसे) धरल्यास ८७,५०० रुपयांतून १८० रुपये वजा जाऊन ८७,३२० रुपये हे उत्तर यावयास हवे. कंपायलर हे काम पुढील टप्प्यांनी करतो.

शब्दविच्छेदन : लिहिलेला मजकूर संगणकापाशी केवळ चिन्हांची ओळ म्हणून येतो. तीतून नावे, संख्या व क्रियाचिन्हे वेगळी काढणे हा पहिला टप्पा होय. रोमन लिपीसाठी तो सोपा आहे. देवनागरीसाठी त्यात काही विशेष अडचणी आहेत. युनिकोड या संकेतसंचात व्यंजने व स्वर ही ‘अक्षरे’ आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलंत ही ‘जोडचिन्हे’ म्हणून वेगळ्या गटात येतात. नाव म्हणजे अक्षरांची ओळ, एवढाच नियम केला तर ‘वजन’ हा शब्द सुरळीत वाचला जातो; पण ‘भाव’ हा शब्द ‘भ’ या अक्षरापाशीच तुटतो, कारण त्यापुढील काना अक्षरांत मोडत नाही. म्हणून नावाचा आरंभ अक्षराने व्हावा व पुढे अक्षरे, जोडचिन्हे आणि अंक यांपैकी काहीही चालावे, असा नियम करावा लागतो.

याहून सूक्ष्म अडचण एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांची आहे. ‘शेतकऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर टंकित करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलंत असतो. दुसरीत नेहमीचा ‘र’, हलंत व एक अदृश्य जोडखूण असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कंपायलरच्या लेखी ती दोन निराळी नावे होत. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण केल्यानेही ती एक होत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडून केलेले रूप यांचीही हीच गोष्ट आहे. एकाच कार्यक्रमाच्या दोन ओळी दोघांनी दोन कळफलकांवर लिहिल्या, तर समोर दिसणारे नाव ‘सापडत नाही’ अशी तक्रार कंपायलर करील व लिहिणाऱ्यास तिचे कारण उमगणार नाही. म्हणून अशा जोड्या पहिल्याच टप्प्यात एका रूपात आणणे भाषाकर्त्याचे काम ठरते. देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही अंकांना समान अर्थ देण्याची सोयही येथेच करावी लागते.

वाक्यविश्लेषण : सुटे झालेले शब्द व चिन्हे यांचा परस्परसंबंध लावणे हा दुसरा टप्पा होय. गुणाकार व भागाकार हे बेरीज व वजाबाकीच्या आधी करावयाचे, हे व्याकरणातच तीन सूत्रांनी सांगता येते : पदावली म्हणजे अधिक वा उणे या चिन्हांनी जोडलेली पदे, पद म्हणजे गुणिले वा भागिले या चिन्हांनी जोडलेले घटक, आणि घटक म्हणजे संख्या, नाव किंवा कंसातील पदावली. शेवटच्या सूत्रात पदावली स्वतःच्याच पोटात पुन्हा येते. कंपायलरमध्ये प्रत्येक सूत्रासाठी एक उपकार्य लिहिले व सूत्रांप्रमाणेच त्यांनी एकमेकांस बोलाविले, म्हणजे वाक्याचा वृक्ष तयार होतो. उदाहरणातील वृक्षाच्या शेंड्यावर वजाबाकी असून तिच्या एका फांदीवर भागाकार व दुसरीवर हमाली असते. भागाकाराच्या पोटात गुणाकार असतो.

समान दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करावयाच्या, हाही निर्णयच आहे आणि त्याचा परिणाम पैशांत मोजता येतो. पूर्णांकांच्या भागाकारात बाकी टाकली जाते. एखाद्याने सूत्र ‘वजन ÷ १०० × भाव’ असे लिहिले, तर १,२५० ÷ १०० याचे उत्तर १२ येते व वरचे ५० किग्रॅ. नाहीसे होतात. उत्तरात ३,५०० रुपयांची तूट पडते व कोणताही दोष दाखविला जात नाही. शाळेच्या गणितात दोन्ही सूत्रे सारखीच आहेत. यंत्रात ती सारखी नाहीत. भाषाकर्त्याने येथे एकतर भागाकार अपूर्णांकांसह अचूक ठेवावा, किंवा बाकी उरल्यास इशारा द्यावा, किंवा निदान हा नियम भाषेच्या वर्णनात ठळकपणे सांगावा.

अर्थपरीक्षण : वृक्ष तयार झाल्यावर वापरलेली प्रत्येक गोष्ट अर्थपूर्ण आहे का, हे पाहिले जाते. न सांगितलेले नाव वापरले आहे का, तीन मूल्यांच्या जागी दोनच दिली आहेत का, या गोष्टी येथे पकडल्या जातात. लघुभाषेचा खरा लाभ याच टप्प्यात घेता येतो. वजन व रक्कम हे दोन भिन्न प्रकार मानले, तर ‘वजन − हमाली’ यासारखी निरर्थक वजाबाकी भाषांतराच्या वेळीच नाकारता येते. वेबअसेंब्लीच्या दृष्टीने दोन्ही केवळ पूर्णांक असल्याने ती अशी वजाबाकी बिनतक्रार करील.

पूर्णांकाचा आकार निवडणे हाही अर्थाचाच भाग होय. ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मावते. वरील भावाने ३,०६८ किग्रॅ. तुरीसाठी वजन व भाव यांचा गुणाकारच ही मर्यादा ओलांडतो. वेबअसेंब्लीत अशा वेळी कार्यक्रम थांबत नाही, तर वरचा भाग गळून उत्तर ऋण होते. म्हणजे एका ट्रॅक्टरभर मालाची पट्टी बरोबर येईल व जरा मोठ्या मालाची पट्टी उलटी येईल. ६४ बिटांच्या पूर्णांकात १९ अंकी संख्या मावत असल्याने येथे तो घेणे योग्य ठरते. याउलट, शून्याने भागल्यास मात्र वेबअसेंब्ली कार्यक्रम तेथेच थांबविते.

आज्ञानिर्मिती : वृक्षावरून चवड-यंत्राच्या आज्ञा काढण्याची कृती अत्यंत सोपी आहे. प्रत्येक क्रियेसाठी प्रथम डाव्या फांदीच्या, मग उजव्या फांदीच्या आज्ञा लिहावयाच्या व शेवटी ती क्रिया लिहावयाची. त्याप्रमाणे उदाहरणातील आज्ञा अशा होतात : वजन ठेव, भाव ठेव, गुण, १०० ठेव, भाग, हमाली ठेव, वजा कर. क्रियाचिन्ह शेवटी लिहिण्याचा हा प्रकार पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या संकेतनाचे उलटे रूप होय.

अट व पुनरावृत्ती यांसाठी अधिक विचार करावा लागतो. कार्यक्रमातील कोणत्याही जागी उडी मारण्याची आज्ञा वेबअसेंब्लीत मुद्दाम ठेवलेली नाही. एकात एक बसणारे गट तेवढे आहेत. साध्या गटाच्या नावे उडी मारल्यास ती गटाच्या शेवटी जाते व आवर्तन-गटाच्या नावे मारल्यास ती त्याच्या आरंभी जाते. म्हणून ‘जोपर्यंत’ या वाक्यासाठी बाहेर साधा गट व आत आवर्तन-गट अशी जोडी करतात. अट संपताच बाहेरच्या गटाच्या नावे उडी मारून बाहेर पडतात, आणि काम झाल्यावर आतल्या गटाच्या नावे उडी मारून पुन्हा आरंभी येतात. ‘जर–तर–नाहीतर’ यासाठी मात्र थेट आज्ञा उपलब्ध आहे.

बाइटरचना : शेवटी आज्ञा अंकांच्या रूपात लिहिल्या जातात. प्रत्येक वेबअसेंब्ली संचाच्या आरंभी ०, ९७, ११५, १०९ हे चार बाइट ओळखीसाठी व १, ०, ०, ० हे चार बाइट आवृत्तीसाठी असतात. त्यापुढे क्रमांक दिलेले विभाग चढत्या क्रमाने येतात. उदाहरणासाठी चारच विभाग पुरतात : मूल्यांचे प्रकार (क्र. १), कार्यांची यादी (क्र. ३), बाहेर दाखवावयाची नावे (क्र. ७) व प्रत्यक्ष आज्ञा (क्र. १०). त्यांना अनुक्रमे १०, ४, २१ व १८ बाइट लागतात. म्हणजे संपूर्ण संच ६१ बाइटांचा होतो. बाहेर दाखवावयाची नावे युनिकोडमध्ये लिहिता येत असल्याने ‘रक्कम’ हे नाव देवनागरीतच ठेवता येते. त्यात पाच चिन्हे असून प्रत्येकास तीन याप्रमाणे १५ बाइट लागतात. खुद्द हिशेबाच्या आज्ञा १३ बाइटांत मावतात : ३२, ०, ३२, १, १२६, ६६, २२८, ०, १२७, ३२, २, १२५, ११. यांत ३२ म्हणजे ‘दिलेले मूल्य ठेव’, १२६ म्हणजे ‘गुण’, ६६ म्हणजे ‘पुढील संख्या ठेव’, १२७ म्हणजे ‘भाग’, १२५ म्हणजे ‘वजा कर’ व ११ म्हणजे ‘समाप्त’. हाच १२६ हा अंक प्रकारांच्या विभागात ‘६४ बिटांचा पूर्णांक’ असा अर्थ देतो. अंकाचा अर्थ त्याच्या जागेवर अवलंबून असतो.

या यादीत १०० ही संख्या २२८, ० अशा दोन बाइटांत लिहिलेली आहे. वेबअसेंब्लीत संख्या सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहितात. धन-ऋण संख्यांसाठी शेवटच्या तुकड्यातील वरचा बिट चिन्ह दाखवितो. त्यामुळे एका बाइटात −६४ ते ६३ एवढ्याच संख्या बसतात. नवख्या भाषाकर्त्याने १०० ही संख्या एकाच बाइटात १०० अशी लिहिली, तर ती −२८ अशी वाचली जाते. आज्ञाविभागातील लांब्या त्यानुसार लिहिल्या असतील, तर असा संच तपासणीत निर्दोष ठरतो व चालतोही. मात्र वरील पट्टीचे उत्तर ८७,३२० रुपयांऐवजी उणे ३,१२,६८० रुपये येते. ५० ने भागणारे सूत्र बरोबर चालते व १०० ने भागणारे चुकते, असा हा दोष असल्याने तो सहज सापडत नाही.

मजकूर व स्मृती : वेबअसेंब्लीच्या मूळ आज्ञासंचात मजकूर हा प्रकार नाही. शब्द साठवावयाचे झाल्यास ते स्मृतीच्या पट्टीवर बाइटांच्या रूपात ठेवून त्यांचा आरंभ व लांबी भाषाकर्त्यास सांभाळावी लागते. येथेही अर्थाचा प्रश्न उभा राहतो. ‘निलंगा’ या शब्दाची लांबी किती? वाचकाच्या दृष्टीने नि, लं, गा ही तीन अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने ती सहा चिन्हे आहेत. स्मृतीत ते १८ बाइट आहेत. गावांच्या नावांचा रकाना आखताना किंवा शब्द उलटा लिहिण्याचा पाठ देताना या तिन्हींतील निवड चुकली, तर वेलांट्या व अनुस्वार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. मराठीसाठी केलेल्या लघुभाषेत ‘अक्षर’ हा स्वतंत्र घटक मानणे म्हणूनच श्रेयस्कर होय.

चाचणी : वर दाखविलेले बहुतेक दोष असे आहेत, की त्यांत कार्यक्रम बंद पडत नाही. म्हणून लघुभाषेच्या चाचणीसाठी दोन उपाय योजतात. एक, हाताने सोडविलेली उदाहरणे, विशेषतः मर्यादेच्या आसपासच्या संख्यांची : ०, १, ६३, ६४, १००, उणे संख्या, अतिशय मोठी संख्या. दुसरा, वाक्यवृक्ष वाचून थेट उत्तर काढणारा एक साधा अर्थनिर्वाहक लिहून त्याचे व कंपायलरचे उत्तर ताडून पाहणे. अर्थनिर्वाहक मंद असला तरी लिहावयास सोपा असतो, व दोहोंत एकच चूक त्याच रीतीने होण्याचा संभव कमी असतो.

मर्यादा व उपयोग : कार्यक्रम अधिक वेगवान करण्याचे शास्त्र विस्तृत आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धनंजय धामधेरे यांनी पुनरुक्त गणन टाळण्याच्या पद्धतींवर केलेले काम, तसेच तेथीलच उदय खेडकर व अमिताभ संन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला मूल्यप्रवाहाच्या विश्लेषणावरील ग्रंथ (२००९) या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. लघुभाषेस मात्र आरंभी या साऱ्याची गरज पडत नाही. वेबअसेंब्लीच्या आज्ञा यंत्राच्या आज्ञांत उतरविताना ब्राउझर स्वतःच बरीच सुधारणा करतो. मोठे कार्यक्रम, विपुल तयार साहित्य व अनेकांचे सहकार्य यांसाठी रूढ भाषाच योग्य होत. लघुभाषेचे क्षेत्र म्हणजे हिशेबाचे नियम, शालेय पाठ, मोजमापांची रूपांतरे यांसारखी, जाणकारास स्वतः वाचून तपासता यावीत अशी, मर्यादित कामे होत.

मराठी शब्द असलेली भाषा तयार करणे म्हणजे इंग्रजी शब्दांच्या जागी ‘जर’, ‘तर’, ‘कार्य’ हे शब्द घालणे, असा समज आढळतो. शब्दांची ही यादी कंपायलरचा सर्वांत लहान भाग असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास किंवा बाजारातील हिशेबनीसास खरा आधार मिळतो तो देवनागरी नावे न तुटण्यात, दोन्ही प्रकारचे अंक चालण्यात, अक्षरांची लांबी अक्षरांतच मोजली जाण्यात आणि चूक झाल्यास ‘तिसऱ्या ओळीत वजनातून रक्कम वजा केली आहे’ असे त्याच्या भाषेत नेमके सांगितले जाण्यात. वेबअसेंब्लीमुळे अशी भाषा कोणतीही वेगळी सामग्री न बसविता मोबाइलवर चालू शकते. पट्टीवरील आकडा कोणत्या नियमाने आला, हे ज्याचा माल आहे त्यास वाचता यावे, ही अशा भाषेची मुख्य उपयुक्तता होय.